खनिज झऱ्यांवरील आरोग्यग्रामे

विरघळलेली खनिजद्रव्ये, विशिष्ट वायू किंवा नैसर्गिक उष्णता यांमुळे ज्या झऱ्याचे पाणी औषधी मानले जाते, अशा झऱ्याभोवती स्नान, जलपान व विश्रांती यांसाठी येणाऱ्या लोकांवर उपजीविका करणारी वस्ती वाढते. अशा वस्तीला आरोग्यग्राम म्हणता येईल. तिला सुपीक जमीन, बाजारपेठ, किल्ला किंवा बंदर यांचा आधार असेलच असे नाही. जमिनीतून वर येणारे पाणी आणि त्या पाण्यावरील लोकांचा विश्वास या दोन गोष्टींवर ती उभी असते. यांपैकी कोणतीही एक आटली, की वस्तीला उतरती कळा लागते. यूरोप व अमेरिका येथील बहुतेक आरोग्यग्रामे वैद्यकाच्या आश्रयाने वाढली व वैद्यकाने पाठ फिरविताच ओस पडली. महाराष्ट्रातील झरे प्रामुख्याने देवस्थानांच्या आश्रयाने राहिले. म्हणून त्यांना तसे वैभव लाभले नाही, पण त्यांचा तसा संपूर्ण लयही झाला नाही. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी हा झऱ्यांचा समूह आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील उनकेश्वर ही या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरणे होत.

झऱ्याचे पाणी : पावसाचे पाणी खडकांतील भेगा, सांधे व विभंग यांतून खोल झिरपते. भूकवचात खाली जावे तसतसे तापमान सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५° ते ३०° से. ने वाढते. पाणी दीड-दोन किमी. खोलीपर्यंत पोहोचून एखाद्या विभंगाच्या वाटेने लवकर वर आले, तर ते वाटेत पुरेसे निवत नाही व ऊन झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. या प्रवासाला पुष्कळदा वर्षांचाच नव्हे, तर शतकांचाही अवधी लागतो. या काळात खडकांतील सोडियम, कॅल्शियम, लोह, सिलिका, फ्ल्युओराइड, क्लोराइड, सल्फेट इ. द्रव्ये पाण्यात उतरतात. पाणी तापलेले असल्यामुळे ती अधिक प्रमाणात विरघळतात. अनेक देशांत दर लिटरला एक ग्रॅमपेक्षा अधिक घनद्रव्ये असलेल्या पाण्याला खनिज जल म्हणण्याचा प्रघात आहे.

जागृत ज्वालामुखींच्या प्रदेशांतील झऱ्यांना शिलारसापासून उष्णता मिळते. महाराष्ट्रातील झरे मात्र ज्वालामुखीजन्य नाहीत. दख्खनचा काळा पाषाण लाव्हापासून बनलेला असल्यामुळे येथील ऊन पाण्याचा संबंध त्या लाव्हाशी जोडला जातो. परंतु ते उद्रेक सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे असून त्यांची उष्णता केव्हाच निघून गेली आहे. येथील पाणी मुळात पावसाचेच असून खोलवरच्या खडकांच्या नित्य उष्णतेने ते तापते. ही गोष्ट व्यवहारातही महत्त्वाची आहे. झऱ्याचा पुरवठा अखंड वाटला, तरी तो पाऊस मुरण्याच्या क्षेत्रावर व भूमिगत वाटांवर अवलंबून असतो आणि त्या तुटू शकतात.

आरोग्यग्रामांचा उदय : रोमन लोकांनी आपल्या साम्राज्यात ऊन झऱ्यांवर स्नानगृहे उभारली. इंग्लंडमधील बाथ हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. पुढे सोळाव्या शतकापासून जलपानास महत्त्व आले. बेल्जियममधील स्पा या लहानशा गावचे लोहयुक्त व वायुमिश्रित पाणी पिण्यासाठी दूरदूरचे रुग्ण येऊ लागले आणि त्या गावचे नाव इंग्रजीत अशा सर्वच स्थळांना लागू झाले. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट हा १७१७ मध्ये तेथे उपचारासाठी आला होता. लोहयुक्त पाणी पांडुरोगावर, गंधकयुक्त पाणी त्वचारोग व संधिवात यांवर, बायकार्बोनेटयुक्त पाणी पचनाच्या तक्रारींवर, अशी एक ढोबळ वाटणी वैद्यांनी रूढ केली. सकाळी किती पेले पाणी घ्यावे, किती चालावे, किती वेळ स्नान करावे याचे नियम ठरले. उपचार आठवड्यांच्या हिशोबाने चाले. या दीर्घ मुक्कामामुळेच गावात खाणावळी, विश्रामगृहे, वाचनालये, नाचघरे व द्यूतगृहे निघाली आणि परीट, गाडीवान, दाई, स्वयंपाकी यांना काम मिळाले.

अशा गावाच्या वाढीचा क्रम पुष्कळदा सारखाच दिसतो. प्रथम झरा आसपासच्या शेतकऱ्यांना व गुराख्यांना ठाऊक असतो. मग एखादा प्रतिष्ठित रुग्ण बरा झाल्याची वार्ता पसरते किंवा एखादा वैद्य पाण्याचे पृथक्करण करून त्यावर पुस्तिका लिहितो. जमीनमालक झऱ्यावर छप्पर व पंपगृह उभारतो. शेवटी लोहमार्ग येतो आणि गावाचे नगर होते. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथपेफर हे याचे लहान पण स्पष्ट उदाहरण होय. येथील गंधकयुक्त झऱ्यावर १८१९ मध्ये पंपगृह झाले. १८७० मध्ये या भागात लोहमार्ग आला, पण एका जमीनमालकाच्या विरोधामुळे तो गावापासून दुरून नेण्यात आला. गावात गाडी आली ती १८८५ मध्ये, वेगळ्या फाट्याने. त्यानंतरची सु. तीस वर्षे गावाच्या भरभराटीची होती. दोन महायुद्धांनंतर पाहुणे ओसरले व १९४६ मध्ये उतारूंची वाहतूक थांबली. गाडी येण्यास विलंब झाला, म्हणून उत्कर्ष लांबला. ती बंद पडली, तेव्हा ऱ्हास आधीच झालेला होता.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात शॅरन स्प्रिंग्ज या खेड्याचा इतिहास आणखी एका अंगाने बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील गंधकयुक्त झऱ्यांवर मोठी विश्रामगृहे उभी राहिली व धनिक कुटुंबे उन्हाळा काढण्यास येऊ लागली. १८७७ मध्ये जवळच्याच सॅराटोगा येथील एका प्रसिद्ध विश्रामगृहाने जोसेफ सेलिग्मन या ज्यू बँकमालकास जागा नाकारली. सॅराटोगाची दारे अशी बंद होत गेल्यावर ज्यू कुटुंबे शॅरन स्प्रिंग्जकडे वळली. पुढे अभिजनांची चाल बदलली, तरी या गावास त्यांनीच जगविले. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले अनेक लोकही येथे उपचारास येत. ती पिढी सरल्यावर गावातील बहुतेक मोठ्या इमारती रिकाम्या राहिल्या. आरोग्यग्रामाचे भवितव्य पाण्यातील गंधकाइतकेच तेथे कोणाला येऊ दिले जाते यावरही अवलंबून असते, हे यावरून दिसते.

ऱ्हासाची कारणे : पहिले कारण वैद्यकीय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्राचा पाया घातला गेला व रोगांच्या कारणांविषयीच्या कल्पना बदलल्या. १९३० नंतर सल्फा औषधे, १९४० नंतर पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन ही प्रतिजैविके उपलब्ध झाली. १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथावर कॉर्टिसोनाचा प्रयोग यशस्वी झाला. ज्या विकारांसाठी लोक आठवडेच्या आठवडे झऱ्याकाठी राहत, त्यांवर आता घरी बसून गोळी घेता येऊ लागली. दुसरे कारण आर्थिक होय. जर्मनीत आरोग्य विमा अशा उपचारांचा खर्च देत असल्यामुळे तेथील आरोग्यग्रामे इतरत्र ओस पडल्यावरही टिकली. १९९६-९७ मध्ये या सवलती आखडल्या, तेव्हा त्यांच्यावरही संकट आले. तिसरे कारण प्रवासाचे. मोटार व विमान यांमुळे एकाच गावी दीर्घ मुक्काम करण्याची चाल मोडली. चौथे कारण खुद्द पाण्याचे. बाथ येथे १९७८ मध्ये ऊन पाण्यातील एका अमीबाच्या संसर्गामुळे एका मुलीचा मृत्यू झाला आणि दोन हजार वर्षांचा इतिहास असलेली ती स्नानगृहे बंद करावी लागली. नव्या खोल वेधनाने शुद्ध पाणी मिळवून तेथील नवे स्नानगृह २००६ मध्ये सुरू झाले.

काही स्थळांनी नवे रूप घेतले. जपानने १९४८ मध्येच ऊन झऱ्यांविषयी स्वतंत्र कायदा केला व तेथे झऱ्यावरील स्नान हे लोकजीवनाचे अंग म्हणून टिकले. यूरोपातील सात देशांतील अकरा स्नाननगरांचा समावेश यूनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारशात केला. परंतु वारसा ठरलेली ही नगरे मोठी होती. लहान खेड्यांपैकी अनेकांची केवळ नावे उरली.

भारतीय परंपरा : सुश्रुतसंहितेत भौम जलाचे विहिरीचे, नदीचे, तळ्याचे, झऱ्याचे इ. प्रकार सांगून त्यांचे गुणदोष दिले आहेत. म्हणजे झऱ्याच्या पाण्याचा वैद्यकीय विचार येथे प्राचीन आहे. तथापि झऱ्याभोवती वैद्याचे केंद्र उभे न राहता कुंड व देऊळ उभे राहिले. जमिनीतून आपोआप ऊन पाणी येणे हे दैवी कृपेचे चिन्ह मानले गेले. ‘ऊन’ हा शब्द महाराष्ट्राच्या व शेजारच्या प्रदेशाच्या नकाशावर ठिकठिकाणी विखुरलेला दिसतो : रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे व राजापूरजवळील उन्हाळे, खानदेशातील उनपदेव, गुजरातच्या सीमेवरील उनाई आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर. यांपैकी काही नावे गावाची, तर काही देवाची आहेत. पाणी, गाव व देव यांत लोकांनी भेद केला नाही, असा याचा अर्थ होतो.

भारतातील ऊन झऱ्यांची पहिली विस्तृत सूची टॉमस ओल्डॅम या भूवैज्ञानिकाने केली व ती त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारत सरकारने १९६६ मध्ये ऊन झऱ्यांविषयी एक समिती नेमली. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशभर पाहणी केली. तीत तीनशेहून अधिक झऱ्यांची नोंद झाली. या पाहणीचा मुख्य हेतू भूगर्भीय उष्णतेपासून ऊर्जा मिळविण्याचा होता, आरोग्याचा नव्हता.

ब्रिटिशांनी भारतात झऱ्यांवर आरोग्यग्रामे का वसविली नाहीत, याचे उत्तर हवामानात आहे. मायदेशी थंडीत ऊन पाणी सुखद वाटे. कोकणच्या दमट उकाड्यात व हिवतापाच्या प्रदेशात त्याचे आकर्षण नव्हते. त्यांना गारवा हवा होता. त्यामुळे त्यांचा पैसा व रस्ते डोंगरावर गेले. महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास व माथेरान १८५० नंतर वसले. माथेरानला १९०७ मध्ये लोहमार्गही मिळाला. त्याच मुंबई इलाख्यातील झरे मात्र यात्रेकरूंच्या पायवाटेवरच राहिले.

कोकणातील झरे : सह्याद्री व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकणेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत सु. ३५० किमी. अंतरात अठरा स्थळी मिळून सु. साठ झरे आहेत. त्यांचे तापमान सु. ३४° पासून ७१° से. पर्यंत असून उन्हवरे येथील पाणी सर्वांत उष्ण आहे. उन्हेरे, साव, आरवली, तुरळ, राजवाडी ही इतर काही स्थळे होत. हे झरे जवळजवळ एका रेषेत असल्यामुळे त्यांचा संबंध किनाऱ्यास समांतर जाणाऱ्या विभंगांशी जोडला जातो.

वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी : भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने हा समूह पसरलेला आहे. काही झरे खुद्द नदीच्या पात्रात आहेत. पाण्यात सोडियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे प्रमुख आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजेच हे ऊन पाणी, अशी लोककथा आहे. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी आप्पा यांनी देवीला नवस केला व १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तो फेडण्यासाठी सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले, असे सांगतात. मंदिराची किल्ल्यासारखी तटबंदी व उंच पायऱ्या लक्षवेधक आहेत. बडोद्याच्या गायकवाडांनी नगारखाना बांधला. चैत्र वद्य अमावास्येस मोठी यात्रा भरते. मुंबईपासून हे स्थळ फार दूर नसले, तरी गावास लोहमार्ग कधीच मिळाला नाही. १८९२ मध्ये तानसा नदीवर धरण बांधून मुंबईस पाणी नेण्यात आले. अशा रीतीने या खोऱ्याचे थंड पाणी नळाने शहरात गेले व शहरातील लोक ऊन पाण्यासाठी खोऱ्यात येत राहिले.

यात्रेकरूंच्या बरोबरीने संधिवात, पक्षाघातानंतरची दुर्बलता व त्वचारोग असलेले लोक येथे येऊन राहत. विसाव्या शतकात या समूहाला वेगळेच वळण लागले. सु. १९३६ मध्ये नित्यानंद स्वामी गणेशपुरीस भीमेश्वर मंदिराजवळ येऊन राहिले. रानातील या वस्तीचे पाहता पाहता तीर्थात रूपांतर झाले. १९६१ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांचे शिष्य मुक्तानंद (मृ. १९८२) यांच्या आश्रमामुळे १९७० नंतरच्या दशकात गणेशपुरीस परदेशी साधकांचीही वर्दळ सुरू झाली. या अवधीत झऱ्याचे महत्त्व हळूहळू गौण होत गेले. पाण्यासाठी येणारा व जाता जाता दर्शन घेणारा यात्रेकरू जाऊन दर्शनासाठी येणारा व जाता जाता कुंडात उतरणारा यात्रेकरू आला. त्याचबरोबर मुंबईच्या विस्तारामुळे सहलीसाठी येणाऱ्यांची संख्या वाढली. उपचारासाठी पंधरवडाभर राहण्याची चाल मागे पडून सकाळी येऊन संध्याकाळी परतणे रूढ झाले. आरोग्यग्राम म्हणून हा ऱ्हास होय. गाव मात्र नष्ट झाले नाही, कारण त्याला पाण्याखेरीज दुसरा आधार सापडला.

उनकेश्वर : गडचांदूरच्या पश्चिमेस, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात पैनगंगेच्या खोऱ्यात हे स्थळ आहे. आज ही दोन गावे वेगवेगळ्या जिल्ह्यांत व विभागांत असली, तरी १९५६ पूर्वी किनवट व राजुरा हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. गडचांदूर तेव्हा राजुरा तालुक्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत दोन्ही तालुके नांदेड जिल्ह्यात आले व राजुरा १९५९ मध्ये चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यास जोडण्यात आला. भूवैज्ञानिक दृष्ट्याही हा प्रदेश एकमेकांशी निगडित आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा थर येथे पूर्वेकडे पातळ होत जाऊन संपतो आणि त्याखालील अतिप्राचीन ग्रॅनाइट, वालुकाश्म व पैनगंगा श्रेणीचा चुनखडक उघडा पडतो. गडचांदूर परिसरातील सिमेंटचे कारखाने याच चुनखडकावर चालतात. वेगवेगळ्या वयांचे खडक जेथे भेटतात व विभंगांनी तुटतात, तेथे पाण्याला खोल जाण्यास व परत येण्यास वाट मिळते. दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातील मणुगुरू परिसरात, कोळशासाठी घेतलेल्या वेधन-विवरांतून ऊन पाणी वर आले, तेही या दृष्टीने लक्षणीय आहे.

उनकेश्वर येथे ऊन पाण्याचे कुंड व प्राचीन शिवमंदिर असून यादव राजा रामदेवराव (कार. १२७१-१३११) याच्या काळातील शिलालेख तेथे आढळले आहेत. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच हे स्थळ राजदरबारास ठाऊक होते. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला असता श्रीरामाने बाण मारून त्यांच्यासाठी ऊन पाणी काढले, अशी कथा येथे सांगतात. खानदेशातील उनपदेव येथेही शरभंगांचेच नाव सांगितले जाते. कथेत ऋषीला झालेला रोग हाच या झऱ्याच्या इतिहासाची किल्ली आहे. लोक येथे मुख्यत्वे त्वचारोगांवर व कुष्ठावर उतार मिळावा म्हणून येत.

विदर्भ व त्यालगतचा मराठवाडा-तेलंगण हा प्रदेश कुष्ठरोगाने दीर्घकाळ ग्रासलेला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. तुवरक म्हणजे कडू कवठाचे तेल सुश्रुताच्या काळापासून वापरात होते, पण त्याचा गुण अल्प होता. रोग्याला घर, गाव व पाणवठा या सर्वांनाच मुकावे लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. अशा स्थितीत जेथे देवानेच कुष्ठी ऋषीसाठी पाणी काढले, असे मानतात ते स्थळ रुग्णास उपचाराइतकेच आश्रयाचेही वाटले, तर नवल नाही.

या पाण्याचा रोगावर प्रत्यक्ष परिणाम काय होत असावा? कुष्ठाचे जंतू ऊन पाण्याने मरत नाहीत. रोज धुतल्याने जखमा स्वच्छ राहतात व भिजविल्याने कोरडी, भेगाळलेली त्वचा मऊ पडते. हातपाय साध्या पाण्यात भिजवून तेल लावणे हा आजही कुष्ठरुग्णांच्या निगेचा भाग आहे. परंतु या रोगात मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही, भाजते व त्यातून व्रण होतो. त्यामुळे ज्या पाण्याच्या आशेने रुग्ण येई, तेच फार ऊन असल्यास त्याला अपाय करू शकत असे.

१९४० नंतरच्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि प्रथमच कुष्ठरोग बरा होऊ लागला. याच सुमारास या प्रदेशात रुग्णांना आश्रय देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली व चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ आनंदवन उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहु-औषध उपचारपद्धतीची शिफारस केली व भारताने १९८३ पासून तिच्यावर आधारित राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००५ अखेर देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून कमी झाले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण आढळतात. पण ते ओळखले गेल्यास सहा ते बारा महिन्यांच्या औषधाने बरे होतात. अशा रीतीने उनकेश्वरासारख्या झऱ्यांचे वैद्यकीय प्रयोजन संपले. एखाद्या आरोग्यस्थानाच्या ऱ्हासाचे याहून समाधानकारक कारण सांगता येणार नाही.

उनकेश्वरचे लौकिक नगरात कधीच रूपांतर झाले नाही. किनवट हे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक असले, तरी भोवतालचा प्रदेश अरण्याचा, विरळ वस्तीचा व हिवतापाचा होता. गोंड, कोलाम, आंध, बंजारा इ. समाजांची ही भूमी मोठ्या शहरांपासून दूर होती. येणारा रुग्ण बहुधा गरीब असे. त्याच्या खर्चावर विश्रामगृहे चालत नाहीत. आज तेथे प्रामुख्याने भाविकच येतात.

कुंडांची मालकी व प्रवेश : आरोग्यग्राम खाजगी मालकीचे असले, तर प्रवेश पैशावर ठरतो, देवस्थानाचे असले, तर पूर्वी तो जातीवरही ठरत असे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या जातींस खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्याच्या अंमलबजावणीसाठीच १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. साव येथील ऊन झरा याच महाडजवळ आहे. पाण्याचा गुण कितीही सांगितला, तरी तो कोणास घेता येतो हा प्रश्न त्या गुणाइतकाच महत्त्वाचा आहे.

औषधी गुणांचे मूल्यमापन : ऊन पाण्यात शरीराचा भार हलका वाटतो, स्नायू सैल होतात व सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो. हा गुण उष्णतेचा व पाण्याच्या उत्प्लावक बलाचा असून साध्या तापविलेल्या पाण्यानेही पुष्कळसा मिळतो. गंधक खरजेच्या किड्यास मारक असल्यामुळे गंधकयुक्त पाण्याची त्वचारोगांवरील ख्याती निराधार नव्हती. मलमातील गंधक मात्र अधिक परिणामकारक ठरतो. खनिजद्रव्ये त्वचेतून शरीरात जाऊन रोग बरे करतात, यास पुरेसा पुरावा नाही. जलपानाच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. ऊन झऱ्यांत फ्ल्युओराइडाचे प्रमाण पुष्कळदा जास्त असते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या पाण्यातील फ्ल्युओराइडामुळे दात व हाडे यांचे विकार झालेले आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १·५ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे. म्हणून पृथक्करण केल्याशिवाय असे पाणी औषध म्हणून पिणे योग्य नव्हे. कुंडातील पाणी वाहते नसेल व अनेक जण त्यातच उतरत असतील, तर त्वचारोग बरा होण्याऐवजी पसरण्याचाच संभव असतो.

संरक्षण : फ्रान्सने १८५६ मध्येच खनिज झऱ्यांभोवती संरक्षित क्षेत्र आखण्याचा कायदा केला, त्या क्षेत्रात परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही. महाराष्ट्रात १९९३ व २००९ या वर्षी भूजलविषयक कायदे झाले. त्यांचा रोख मुख्यत्वे पिण्याच्या पाण्यावर व भूजलाच्या उपशावर आहे. झऱ्याला पाणी पुरविणारी भेग किती दूरवर जाते हे जमिनीवरून दिसत नाही. त्यामुळे जवळपास घेतलेली खोल विंधनविहीर, खाणीतून उपसलेले पाणी किंवा रस्त्यासाठी लावलेले सुरुंग यांचा झऱ्यावर होणारा परिणाम पुष्कळदा झरा थंडावल्यावर किंवा आटल्यावरच कळतो. कुंडावर सिमेंटचे बांधकाम करून पाण्याची मूळ वाट बुजविली गेली, तरी तेच घडते. यासाठी प्रत्येक झऱ्याचे तापमान, प्रवाह व रासायनिक घटक यांची नियमित नोंद ठेवणे, स्नानाचे पाणी सतत वाहते राखणे व स्नानकुंडापासून मूळ उगम वेगळा ठेवणे हे उपाय साधे व अल्पखर्चाचे आहेत.

औषध म्हणून झऱ्यावर ठेवलेला विश्वास वैद्यकाच्या प्रगतीने ओसरला, ते इष्टच झाले. परंतु शतकानुशतके भूगर्भातून वर येणारे पाणी, त्याभोवतीची शिल्पे व शिलालेख आणि घरादारास पारखे झालेल्या रुग्णांनी त्याच्या काठी घेतलेला आश्रय, यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. विश्वास ओसरल्याने गाव मागे पडते. पाणी आटले, तर ते पुन्हा उभे राहण्याची शक्यताही उरत नाही.